36 की 55 अँपिअर? जुन्या गाडीचा अल्टरनेटर आणि रेग्युलेटर निवडताना

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आतल्या बेंचवर आमचे हे आर्मेचर, म्हणजे मशीनमधला तारेच्या गुंडाळीचा फिरणारा भाग, भरतात, काउंटर माझ्याकडे. जुन्या पद्मिनीचा किंवा अॅम्बॅसडरचा मालक आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "काकी, मोठ्यात मोठा अल्टरनेटर द्या." दुसरं गिऱ्हाईक बरोबर उलटं: "मोठा नको हं, बॅटरी फुटेल." दोघांनाही मी आधी एकच विचारते, पावसात रात्री तुमच्या गाडीत काय काय चालू असतं? त्याचं उत्तर अँपिअरमध्ये मांडलं की निम्मं काम झालं.

आधी त्या फुटणाऱ्या बॅटरीचं बघू. अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून गाडीला वीज देणारं मशीन. त्यावरचा अँपिअरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो, एवढंच. प्रत्यक्षात किती जाईल ते गाडीतले दिवे, पंखे आणि बॅटरीची भूक ठरवते. बॅटरी मरते ती जादा व्होल्टेजनं, आणि व्होल्टेज असतं रेग्युलेटरच्या हातात. टाकी मोठी बांधली म्हणून नळ फुटत नाही, दाब वाढला की फुटतो. 55 अँपिअरच्या मशीनचा रेग्युलेटर 14.2 व्होल्टला बसलेला असेल तर साधी पाण्याची बॅटरी सुखात राहते. 28 अँपिअरच्या मशीनचा रेग्युलेटर बिघडून 15.5 ला गेला, तर तीच बॅटरी उकळायला लागते, पाणी आटतं आणि वरच्या झाकणावर आम्ल दिसायला लागतं.

हिशोब मांडा

कागद घ्या. प्रत्येक वस्तूचे वॅट 13.5 नं भागले की अँपिअर मिळतात. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये साधारण तेवढं व्होल्टेज असतं, म्हणून 12 नं भागू नका.

मी उदाहरण घेते जुलैतल्या रात्रीचं. मेढ्यावरून केळघर घाटानं महाबळेश्वरला चाललाय, धुकं आहे, पाऊस आहे, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. हेडलाइटला हॅलोजन बल्ब बसवलेत, डिपरचे 55 वॅटचे दोन, म्हणजे 8 अँपिअर. पार्किंग, टेललाइट, नंबरप्लेट आणि मीटरचे दिवे मिळून 3. वायपर 4. इग्निशन कॉइल 3. काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर 5. हौसेनं लावलेले फॉगलॅम्प, तेही 55 चे दोन, पुन्हा 8. टेप आणि मोबाइलचा चार्जर मिळून 3. झाले 34. त्यावर सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेलं परत भरायला 5 धरा. बेरीज 39 वर जाते. हॉर्न आणि ब्रेकलाइट मी धरत नाही, कारण ते क्षणभराचे. पण घाटात गाड्यांची रांग लागली आणि पाय ब्रेकवरच राहिला, तर 21 वॅटचे दोन बल्ब आणखी 3 अँपिअर खातात.

वायपर, ब्लोअर असल्या मोटारींवर वॅट लिहिलेले सापडत नाहीत. तिथं डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून मोजा. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, घेताना विचारून घ्या.

आता या 39 समोर जुनं मशीन ठेवा. ल्युकस कंपनीचा सी-40 जातीचा नेहमीचा डायनामो, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीचं वीज बनवणारं यंत्र, 22 अँपिअरचा. तेही गाडी रेसमध्ये असताना. स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या खाली जातं, कटआऊट (डायनामो आणि बॅटरी जोडणारा आपोआप चालणारा स्विच) उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. डायनामो काही वाईट यंत्र नाही. ज्या काळात तो बसवला त्या काळात गाडीत दोन मिणमिणते हेडलाइट आणि एक वायपर होता, तेवढ्यापुरता तो चोख होता. तुम्ही गाडीला फक्त रविवारी सकाळी कास रस्त्यावर फिरवत असाल, वायरिंग मूळचंच असेल, तर डायनामोच ठेवा असं मी सांगते आणि माझा गल्ला तेवढा हलका ठेवते.

आकडा वाचायचा कसा

अल्टरनेटरच्या बिल्ल्यावर 14 व्ही लिहिलेलं बघून काही लोक घाबरतात, आमची गाडी तर 12 व्होल्टची. 12 व्होल्टच्या गाडीला 14 लिहिलेलंच लागतं, ते चार्जिंगचं व्होल्टेज आहे. ट्रक आणि एसटीच्या 24 व्होल्टला 28 लिहिलेलं असतं. साताऱ्यात ट्रकचं काम भरपूर, त्यामुळे एकाच कपाटात दोन्ही मिसळलेले असतात आणि काही रेग्युलेटर दिसायला अगदी सारखे असतात. 28 चा रेग्युलेटर पद्मिनीला लागला तर तो 14 ला थांबणारच नाही. बल्ब एकामागोमाग एक उडतात. पुडी फोडण्याआधी आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आमच्यावरही विसंबू नका.

पुढचा आकडा अँपिअरचा, आणि इथं खरी मेख आहे. तो आकडा अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, मिनिटाला 6000 फेऱ्या फिरत असतानाचा असतो. नव्या धाटणीच्या बिल्ल्यावर 45/80 असे दोन आकडे मिळतात. त्यात पहिला 1800 फेऱ्यांचा, म्हणजे जवळपास स्लोवरचा, आणि दुसरा 6000 चा. पुली साधारण दुप्पट फिरवते, म्हणजे इंजिन 800 वर असेल तेव्हा अल्टरनेटर 1600 च्या आसपास. त्या फेऱ्यांना जुन्या घडणीचं मशीन आपल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच देतं. ल्युकसच्या एसीआर मालिकेत 16 एसीआर 34 अँपिअरचा, 17 एसीआर 36 चा, 18 एसीआर 43 चा. 36 वाला स्लोवर 12 ते 18 देईल आणि घाटातल्या रांगेत तुम्हाला लागताहेत 39.

शिवाय आकडा मशीन थंड असतानाचा. बॉनेटखाली तापलं की थोडं खाली येतं. म्हणून आमचा ठोकताळा असा, की कागदावरची बेरीज अल्टरनेटरच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशात बसली पाहिजे. 39 भागिले पाऊण म्हणजे 52. त्यामुळे या गाडीला 55 च्या वर्गातलं मशीन घ्या. स्लोवर तेही पंचवीसच्या आसपास देणार, तेव्हा रांगेत उभं असताना फॉगलॅम्प बंद करा. तेवढी शिस्त 80 चं मशीन लावणाऱ्यालाही हवी.

मग 80 चंच का नको? पट्ट्यामुळे. 55 अँपिअर 14 व्होल्टला म्हणजे 770 वॅट, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्म्याच्या थोडी वर, त्यामुळे इंजिनकडून सुमारे 1400 वॅट, जवळपास दोन अश्वशक्ती, त्या एका अरुंद व्ही पट्ट्यातून ओढली जाते. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. 80 चं मशीन पूर्ण भारावर आलं की पट्टा घसरतो, किंचाळतो आणि तुम्ही घेतलेले जादा अँपिअर हवेत जातात. पट्टा जादा ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं. एसी बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. ब्लोअर, कंप्रेसरचा क्लच आणि कंडेन्सरचा पंखा मिळून वीसेक अँपिअर वाढतात, तिथं मोठं मशीन लागतंच, पण मग पुली आणि पट्टाही त्या मापाचा करून घ्या.

उलट बाजूनंही हिशोब कमी करता येतो. टेललाइट आणि मीटरचे बल्ब एलईडी केले की दोनेक अँपिअर वाचतात. हेडलाइटमध्ये मात्र हॅलोजनच्या घरात बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब कोंबू नका. उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि धुक्यात तुम्हालाच पांढरी भिंत दिसते.

रेग्युलेटरचं रेटिंग

इथं सगळ्यात जास्त गोंधळ असतो. "55 अँपिअरचा रेग्युलेटर द्या" असं कुणी म्हटलं की मी विचारते, डायनामोला की अल्टरनेटरला?

डायनामोच्या रेग्युलेटरच्या पेटीला अँपिअरचं रेटिंग खरंच असतं. दोन बॉबिनच्या (तारेच्या गुंडाळ्यांच्या) पेटीत एक बॉबिन कटआऊटचं, दुसरं व्होल्टेज सांभाळणारं. तीन बॉबिनच्या पेटीत तिसरं करंटला आवर घालतं, कारण डायनामोला स्वतःला थांबायचं कळत नाही. भार वाढला तर तो देत राहतो आणि आर्मेचर जाळून घेतो. त्यामुळे 22 च्या डायनामोला 22 ची पेटी हवी.

अल्टरनेटरला ही गरज नाही. त्याच्या स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, वाइंडिंगमुळेच करंट एका मर्यादेच्या पुढं जात नाही. रेग्युलेटर फक्त रोटरच्या फील्डला, म्हणजे त्याच्या गुंडाळीला, कमी-जास्त करंट देऊन व्होल्टेज धरून ठेवतो. म्हणून अल्टरनेटरचा रेग्युलेटर घेताना तीन गोष्टी जुळवा. व्होल्टेज किती, फील्डचा करंट किती झेपतो, आणि तो फील्डच्या कोणत्या बाजूला बसतो, प्लसच्या की अर्थच्या (बॉडीच्या).

व्होल्टेजचं म्हणाल तर पाण्याच्या बॅटरीला 14.2 च्या जवळचा घ्या. 13.8 ते 14.4 चालतं. आमच्याकडे महाबळेश्वरची थंडी आणि म्हसवडचा एप्रिल दोन्ही एकाच जिल्ह्यात. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज लागतं, दर अंशाला साधारण 20 मिलिव्होल्ट. माण-खटाव भागात उन्हाळाभर फिरणाऱ्याला मी 14 च्या आसपासचा देते, वर डोंगरात राहणाऱ्याला 14.4 चा.

फील्डचा करंट ओहमच्या मीटरनं ठरतो. कार्बन (ब्रश) काढा, रोटरच्या दोन्ही तांब्याच्या रिंगांवर मीटरच्या पिना टेकवा. चांगल्या रोटरचा रेझिस्टन्स अडीच ते चार ओहम येतो. 3 आला तर 12 व्होल्टला 4 अँपिअर, नेहमीचा रेग्युलेटर 5 पर्यंत सहज झेपवतो. एक ओहम आला तर रोटरची गुंडाळी आतून शॉर्ट आहे, 12 अँपिअर ओढेल. "काकी, तुमचा रेग्युलेटर आठ दिवसांत जळाला" अशी तक्रार आली की मी नवा देण्याआधी रोटर मागवते. बहुतेक वेळा आमचे हे बेंचवरूनच ओरडतात, "रोटर गेलाय, रेग्युलेटरला बोल लावू नका." एक पिन रिंगवर आणि दुसरी रोटरच्या शाफ्टवर ठेवून बघा, तिथं मीटरनं काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर फील्ड अर्थ झालंय.

बाजू जुळवणं महत्त्वाचं यासाठी, की फील्डचं एक टोक आतून बॉडीला जोडलेलं असेल तर रेग्युलेटर प्लसच्या बाजूचा लागतो, आणि ते टोक प्लसला असेल तर अर्थच्या बाजूचा. अदलाबदल झाली की एक तर चार्जिंगच होत नाही, नाही तर थांबतच नाही. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच असेल तर ही डोकेदुखी नाही, आणि नवीन बसवणाऱ्याला मी तेच सुचवते.

बाहेरचा रेग्युलेटर असलेल्या गाडीत एक वेगळाच रोग असतो, तो फारसा कुणी सांगत नाही. असा रेग्युलेटर व्होल्टेज बघतो ते इग्निशन स्विचमधून आलेल्या वायरवर. स्विच जुना, आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले, तिथं पाऊण व्होल्ट गळतं. बॅटरीला 14.2 असताना रेग्युलेटरला दिसतात 13.5, म्हणून तो आणखी ढकलतो आणि बॅटरी 14.9 वर जाते. मेकॅनिक रेग्युलेटर बदलत राहतो, दोष स्विचमध्ये असतो. उपाय साधा आहे. स्विचच्या वायरनं रिले (थोड्या करंटवर चालणारा वेगळा स्विच) चालवा आणि रिलेतून थेट बॅटरीच्या लाइनवरून रेग्युलेटरला पुरवठा द्या. हाच बदल हेडलाइटलाही केला तर जुन्या बल्बांचा उजेडसुद्धा वाढलेला दिसेल.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना

काही जुन्या ल्युकस पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा. आधी ते बघा. अल्टरनेटरला मायनस अर्थ हवा. उलट्या बॅटरीवर जोडला की त्याच क्षणी आतले डायोड, म्हणजे एसीचा डीसी करणारे भाग, जातात. मायनस अर्थ केल्यावर कॉइलच्या वायरी आणि अँपिअर मीटरच्या वायरी अदलून घ्याव्या लागतात, रेडिओ जुना असेल तर तो बाजूला काढा.

डायनामोची पुली अल्टरनेटरवर चढवू नका. ती मोठी असते, स्लोवर मशीन पुरेसं फिरणार नाही.

जुनी पेटी निघाली की तिच्या डी आणि ए टर्मिनलच्या जाड वायरी एकत्र बांधून काम भागवायची पद्धत आहे. 22 अँपिअरसाठी टाकलेली, वाळून कडक झालेली ती वायर 55 ला कमी पडते. नवी ओढा, 10 स्क्वेअर एमएमची. दोन मीटर लांबीला 6 एमएमच्या वायरीत 50 अँपिअरवर 0.3 व्होल्ट गळतात, 10 मध्ये 0.18 च्या आत राहतात. बॅटरीच्या टोकाला 80 अँपिअरचा फ्यूज घाला. टोकाला थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून बसवा, नुसती पिळून नटाखाली घालू नका.

डॅशबोर्डवरचा 30-0-30 चा अँपिअर मीटर सगळा करंट स्वतःतून नेतो. 55 च्या मशीनला तो मध्ये ठेवला तर मीटरमागचे स्क्रू तापतात आणि आग तिथूनच लागते. त्याला बगल देऊन त्या जागी व्होल्टमीटर बसवा. खबर जास्त चांगली देतो. मूळ चेहरा हवाच असेल तर मीटर तसाच ठेवा, वायरी काढून.

चार्जिंगचा लाल दिवा शोभेचा नाही. चावी फिरवली की त्या दोन-तीन वॅटच्या बल्बमधूनच रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेलेला असेल तर अल्टरनेटर झोपलेला राहतो आणि जोरात रेस दिल्यावरच उठतो. तिथं एलईडी लावला तरी तेच होतं, लावायचाच असेल तर सोबत रेझिस्टन्स जोडावा लागतो. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टीही बदला. हिरवी पडलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

बसवल्यावर मोजायचं काय

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 यायला हवं. 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 म्हणजे रिकामी, अशा बॅटरीवर चार्जिंगची परीक्षा घेऊ नका, आधी बाहेरून चार्ज करा. मग गाडी चालू करून 2000 फेऱ्यांवर धरा. सगळं बंद असताना 13.8 ते 14.4. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू केल्यावर 13.5 च्या खाली जाता कामा नये.

खाली गेलंच तर लगेच अल्टरनेटर उतरवू नका. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवा, भार चालू असू द्या. 0.3 पेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरीत. मग एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, तिथं 0.2 च्या आत हवं. दोन्ही ठीक असतील तर मीटर एसीवर करून बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेलाय. डायोड गेलेलं मशीन चार्ज करतं, पण अर्धवट, आणि रात्री उभ्या गाडीत बॅटरी उलट पिऊन टाकतं. सगळं बंद केल्यावर बॅटरीतून 50 मिलिअँपिअरच्या आतच जायला हवं.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "चार्जिंग बघतो" म्हणणारा वायरमन दिसला तर हात धरा त्याचा. डायनामोवर ते खपून जायचं. अल्टरनेटरवर त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं, डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात. बॉडीला वेल्डिंग करायला गाडी दिली तरी अल्टरनेटरच्या वायरी आणि बॅटरी सोडवून द्या.

नवा पट्टा पहिल्या आठवड्यात ढिला पडतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबल्यावर 10 ते 12 मिलिमीटर दबला पाहिजे, तेवढा पुन्हा ताणून घ्या. ताणताना टॉमी (लोखंडी सळई) लावायची ती अल्टरनेटरच्या पुलीकडच्या पुढच्या झाकणाला, मधल्या स्टेटरला लावली तर पत्रे सरकतात. आणि काढलेला डायनामो भंगारात घालू नका. मूळ वायरिंगची गाडी जपणारे लोक त्याच्या शोधात आमच्या काउंटरपर्यंत येतात, त्यांच्यासाठी आमचे हे आर्मेचर आजही हातानं भरून देतात.